खड्यासारखे

काओश्युंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर,
इतरांकडे जिथं टीव्ही असतो
तिथं आमच्याकडे साठ लिटर पाणी होतं.

बाबा तांब्याच्या तारेच्या कारखान्यातून येत,
बूट काढत,
आणि कोपरापर्यंत हात धूत. तीनदा.
साबण नाही, नुसता ब्रश.
तांब्याचा एक कण पुरे, म्हणत,
सगळं घर झोपेल.
घर म्हणजे त्यांचं.
आमचं नव्हे.

लाल झिंगे. करंगळीच्या नखाएवढे.
एरवी जेवताना चार शब्द न बोलणाऱ्या माणसाकडे
लाल या एका रंगासाठी आठ शब्द होते:
देवळाच्या दाराचा, शिक्क्याच्या शाईचा,
कच्च्या काळजाचा,
नव्या वर्षाच्या पाकिटाचा (हा कमी प्रतीचा) —
बाकीचे मी विसरले.

माझं काम रविवारचं.
टॉर्च घेऊन काचेला नाक लावायचं
आणि फिके असतील ते
खड्यासारखे वेगळे काढायचे.
कुणाचे पाय पारदर्शक,
कुणाच्या पाठीवर गढूळ पट्टा,
एखादा तर नुसता चहाचा डाग.
"मुळात सगळे असेच, ओढ्यातले," बाबा सांगत.
"कुणीतरी एकदा एक जरासा लालसर पाहिला
आणि जन्मभर निवडत बसला.
चार पिढ्या हात काढून घे, पेई-रू,
की परत ओढा."

निवडलेले बादलीत.
बादली खालच्या मजल्यावर, को काकांच्या अरोवानाला.
एवढंच ठरलेलं होतं. विचारायचं काही नव्हतं.

मी जिना उतरायचे.
दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेलाच असे.
तिथं थोडं उभं राहून
मी उलटी वर जायचे, थेट गच्चीवर.

आई ताइपेला गेली तेव्हा
मुळा खारवायची तिची बरणी मागे राहिली होती.
तिच्यात पावसाचं पाणी,
रस्त्यावरून उचललेलं बदामाचं एक पान,
आणि ते.
ना पंप, ना थर्मामीटर, ना बाबांची वही.
कुणी कात टाकली की कवच तरंगायचं,
मिशांसकट अख्खं,
जणू आतला कुणी घाईत शर्ट काढून पळाला.
पोटाखाली अंडी घेऊन एक मादी
पानाच्या शिरेवर बसून पाय हलवत असायची,
झोळी हलवावी तशी.
मी खाऊ काही देत नसे.
त्यांनीही कधी मागितला नाही.

त्या ऑगस्टमध्ये घरमालकानं
इमारतीचे गंजके पाइप बदलले.
नवे, चकचकीत, तांब्याचे.
सगळ्यांना बरं वाटलं. आम्हालाही.
शनिवारी रात्री बाबांनी टाकीचं पाणी बदललं,
नेहमीसारखं, थेंबथेंब,
डोळ्यांत तेल घालून.

सकाळी दोनशे बारा.
बाबांनी मोजले, मी नाही.
मेल्यावर झिंगा गुलाबी होतो, शिजवल्यासारखा,
मग तो देवळाचा असो की पाकिटाचा.
आठही शब्द ओट्यावर चाळणीत पडून होते.
बाबा आपले हात उलटसुलट करून बघत राहिले.
पाइपांचं आम्हाला बुधवारी कळलं.
तोवर चार दिवस
त्यांनी हातांनाच दोष दिला.

बुधवारी रात्री मी त्यांना गच्चीवर नेलं.
काही सांगितलं नाही, झाकण काढलं,
टॉर्च धरला.

बरणीभर ओढा.
मातकट, चहाळ, काचेरी, शंभर तरी असतील.
उजेड पडला तसे बुडाशी पांगले
आणि लगेच परत चरायला लागले.
बाबा इतका वेळ वाकून होते
की मला वाटलं, आता विचारतील:
किती वर्षं?
अरोवानाला काय सांगितलंस?

एकीच्या मानेवर, पानाआड,
लाली होती थोडी. किंवा टॉर्चची असेल.
मी जाळी पुढे केली.
त्यांनी घेतली नाही.

ते उठून गच्चीवरल्या नळाकडे गेले,
तोटीला हात घातला, आणि थांबले.
मग माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून
कोपरापासून ओतलं.
एकदा.
परत एकदा.

तिसऱ्यांदा मी ओतलं.